मोडलेल्या वाड्यांचा बाजार

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याच्या वाट्यास जुने घर दुरुस्त करण्याचा प्रसंग आला नसावा, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. नवे घर बांधणाऱ्याच्या गाठीस पैसा असला म्हणजे त्यास हवी ती वस्तू दुकानात मिळते. एका दुकानात नाही मिळाली तर शेजारच्या दुकानात मिळते. जुन्या घराचे तसे नाही. त्यास लागणारा खांब, त्याच्या खिडकीची झडप, त्याच्या झोपाळ्याची कडी कोणत्याही कारखान्यात आता तयार होत नाही. ती मिळावी म्हणून कोठे तरी दुसरे एखादे जुने घर पडावे लागते. आपले घर उभे राहावे म्हणून दुसऱ्याचे पडलेले घर शोधीत हिंडायचे, हा व्यवहार प्रथम ध्यानात येतो तेव्हा मनुष्य जरा चपापतो. आणि चपापलेला मनुष्य प्राध्यापक असला, तर तो त्यावर विचार करू लागतो. तसाच काही विचार येथे मांडण्याचा आमचा मानस आहे.

आमचे वडिलोपार्जित घर जळगाव जिल्ह्यात, तापीच्या दक्षिणेस एका लहानशा गावी आहे. वाडा म्हणावा इतके ते मोठे नाही, आणि नुसते घर म्हणून सोडून द्यावे इतके लहानही नाही. खानदेशात घराचे मोजमाप खोल्यांनी नव्हे, तर खणांनी करीत. दोन तुळयांमधील जागा तो एक खण. तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचे जाड धाबे, अशी ही रचना. छताचा भार भिंतींवर नसून मुख्यतः लाकडी खांबांवर असतो. म्हणून भिंत खचली तरी घर उभे राहते, पण खांब खचला म्हणजे घर बसते. वैशाखात बाहेर पारा पंचेचाळीस अंशांकडे धावत असता ज्याने अशा धाब्याखालच्या माजघरात दुपार काढली आहे, त्यास या रचनेचे गुण पुस्तकातून शिकावे लागत नाहीत.

या घराच्या ओसरीच्या सहा खांबांपैकी एक बुडाशी कुजला होता, माडीच्या दोन खिडक्यांच्या झडपा नाहीशा झाल्या होत्या, झोपाळ्याच्या पितळी कड्यांपैकी एक तुटली होती, आणि दिंडीदरवाज्याच्या कोयंड्याची जागा तारेच्या एका वेटोळ्याने घेतली होती. एवढी यादी खिशात घालून दिवाळीच्या सुटीत आम्ही गावच्या मिस्तरींसह प्रथम जळगावास आणि मग धुळ्यास जुन्या लाकडाच्या वखारी पाहावयास निघालो.

हा बाजार ज्यांनी पाहिला नाही त्यांस त्याची कल्पना देणे कठीण आहे. शहराच्या कडेला, मालमोटार वळू शकेल अशा एखाद्या मोकळ्या जागी पत्र्याची छपरी असते. तिच्याखाली खांबांच्या राशी रचलेल्या. बाजूस त्यांची दगडी उथळी, जणू पादत्राणे काढून ठेवावीत तशी ओळीने मांडलेली. गणेशपट्टी असलेल्या चौकटी, गजांच्या खिडक्या, भिंतीतून उपटलेली फडताळे, मंगळुरी कौले, चिनी मातीची विजेची गोल बटणे, नक्षीदार सिमेंटच्या फरशा. या फरशांचा स्वदेशी कारखाना १९२२ साली मुंबईत निघाला, आणि त्यानंतर परदेशी फरशीवाचून दिवाणखाना शोभत नाही ही समजूत हळूहळू मावळली. एका घरात या वस्तू जेवढ्या ऐसपैस नांदल्या असतील, तेवढ्याच त्या येथे दाटीने उभ्या असतात. मांडणीत घराचा क्रम मुळीच नसतो: देवघराचे दार गोठ्याच्या दारास टेकलेले, आणि माजघराची कडी ओसरीच्या खांबाखाली दबलेली.

धुळ्याच्या एका वखारवाल्याने एका खांबावर थाप मारून आम्हांस सांगितले, “सर, हाई लाकूड नई, सोनं शे सोनं!” त्यावर आमचे मिस्तरी शांतपणे म्हणाले, “मग जळगावच्या सराफ्यात न्या ना शेठ. आम्हांला खांब पाहिजे.” या उत्तराने भाव किती उतरला हे आम्ही सांगत नाही, परंतु मिस्तरींविषयीचा आमचा आदर पुष्कळच चढला. जुने लाकूड कसे पारखावे हे त्यांच्याकडूनच शिकावे. ते प्रथम खांब ठोकून त्याचा नाद ऐकतात. पोकळ नाद आला की पुढे बोलणे नाही. मग एका कोपऱ्यात रंध्याचा एक हात मारून आतला रंग पाहतात आणि भुसा हुंगतात. मोडलेले खिळे लाकडात दडले असले तर करवतीचे दात जातात, म्हणून हाताने चाचपून पाहतात. तैलरंगाचे थर चढलेले असले तर ते कोरडे घासू देत नाहीत. जुन्या रंगात शिसे असते आणि त्याची धूळ श्वासातून पोटात जाते, हे त्यांस कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक होते.

आमच्यासारख्या पुस्तकी मनुष्यासही तेथे वाचण्याजोगे काही सापडते. दारास बिजागरी नसून झडपेच्या टोकाची खुंटी उंबऱ्यातील खळग्यात फिरत असेल, तर ती पद्धत जुनी. बिजागरी असून तीस टोकदार, आटे पाडलेले स्क्रू असतील, तर ते काम बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले किंवा त्यानंतरचे. असे यंत्रावर केलेले स्क्रू बर्मिंगहॅमच्या ज्या कारखान्यातून जगभर गेले, त्याच्या व्यवहारात १८५४ साली एक अठरा वर्षांचा तरुण दाखल झाला. त्याचे नाव जोसेफ चेंबरलेन. हाच पुढे १८९५ पासून १९०३ पर्यंत ब्रिटिश साम्राज्याचा वसाहतमंत्री होता. खानदेशातल्या एखाद्या खिडकीच्या बिजागरीपर्यंत साम्राज्य कसे येऊन पोहोचले, हे त्या स्क्रूकडे पाहून जितके चटकन समजते, तितके आमच्या व्याख्यानांनी विद्यार्थ्यांस समजल्याचे आम्हांस स्मरत नाही. १८६० नंतरच्या दशकात आगगाडी खानदेशात आली. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस विलायतेस जाईना, म्हणून इकडच्या कापसाचा भाव एकाएकी चढला, आणि युद्ध संपताच तितक्याच वेगाने कोसळला. जळगावच्या पेठेने हे दोन्ही दिवस पाहिले. लाकूड मात्र घरचे होते. सातपुड्यातला साग उतरून येई, आणि तळोद्याचा लाकडाचा बाजार खानदेशात पहिला गणला जाई. जंगलात सावकाश वाढलेल्या त्या सागाच्या कड्या इतक्या दाट असतात की नव्या लागवडीचा साग त्याच्या शेजारी ठेवला असता पोरका दिसतो.

अशा वस्तू विकत घेऊन दुसऱ्या घरास बसवणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न विलायतेत पुष्कळ चर्चिला गेला आहे. जॉन रस्किन याने १८४९ साली प्रसिद्ध केलेल्या वास्तुकलेवरील आपल्या ग्रंथात जीर्णोद्धार या कल्पनेवरच हल्ला चढवला. गेलेले काम पुन्हा आणता येत नाही, आणि आणल्याचा देखावा करणे म्हणजे असत्य, असे त्याचे म्हणणे. त्याचाच अनुयायी विल्यम मॉरिस याने १८७७ साली प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचा उपदेश असा की, छप्पर गळत असेल तर ते नीट करा, भिंत कलली असेल तर टेका द्या. पण नव्या कामास जुन्याचे सोंग घ्यावयास लावू नका. हा उपदेश दगडी चर्चे डोळ्यांपुढे ठेवून केलेला होता. आमच्याकडील घर ही निराळी जात आहे. खाच आणि कुसू यांनी जोडलेली लाकडी घडण मुळातच सुटी करता येण्याजोगी असते. एक घर उतरवून त्याचे लाकूड दुसऱ्या घरास वापरणे, आजोबांच्या घराची तुळई नातवाच्या घरास घालणे, हे आमच्या सुतारांस नवीन नाही. वाटणीपत्रातही खण आणि लाकूड मोजून दिलेले आढळते. तेव्हा जुना खांब आणून बसवल्याने आमच्या घराने असत्य भाषण केले, असे आम्ही मानीत नाही. मात्र मॉरिसचे एक म्हणणे आम्हांस पूर्णपणे पटते: ठिगळ हे ठिगळ म्हणून दिसावे. ओसरीच्या खांबाचा कुजलेला दीड हात भाग कापून मिस्तरींनी तेथे जुन्या सागाचा तुकडा सांध्याने बसवला, तेव्हा तो सांधा रंगाने झाकू नका असे आम्ही त्यांस सांगितले. संपूर्ण नवा खांब घेण्याची गरजच उरली नाही.

परंतु या बाजारात आमच्या मनास खरी टोचणी लागली ती निराळ्याच गोष्टीची. कोणतीही वस्तू हाती घेतली की आम्ही विचारीत असू, “हे कोणत्या घरचे?” दहांपैकी आठ वेळा उत्तर येई, “कुठलं तरी असेल सर. ट्रकात आलं.” धुळे शहरात हे उत्तर ऐकावे हा योग आम्हांस विलक्षण वाटला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी ज्या शहरी वारले ते हेच, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही येथेच आहे. राजवाड्यांनी आयुष्यभर केले काय? गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून, रुमालांतून कागद शोधले. रद्दी म्हणून जाऊ पाहणाऱ्या त्या कागदांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड उभे राहिले. कागदाचे मोल तो कोणत्या दप्तरातला आणि कोणत्या घराण्यातला यावर ठरते. ती खूण पुसली की उरते ती शाई आणि खळ. वाड्यांतले कागद वाचवणारा पुरुष आम्हांस लाभला, हे आमचे भाग्य. पण ज्या माळ्यांवर ते कागद शेदीडशे वर्षे कोरडे राहिले, ते माळे आज घनफुटांच्या भावाने मोजले जात आहेत, आणि त्यांच्या पाठीवर कोणी गावाचे नावही लिहून ठेवीत नाही.

म्हणून आम्ही एक नियम केला. जी वस्तू कोणत्या गावची हे सांगता येईल तीच घ्यायची. जळगावच्या एका वखारीत एक वृद्ध हमाल निघाले, त्यांस प्रत्येक मालमोटारीची हकीकत पाठ होती. एक कडी त्यांनी उचलली आणि ती कोणत्या गावची, त्या घरात कोण राही, घर का उतरवले, हे सर्व सांगितले. थोरली पिढी गेली, मुले पुण्यास राहिली, दोन पावसाळे धाब्यावर माती पडली नाही आणि तिसऱ्या पावसाळ्यात माजघर बसले; एवढीच ती कथा. आम्ही ती कडी घेतली, आणि घरी आल्यावर झोपाळ्याच्या वरच्या तुळईवर त्या गावाचे नाव व साल पेन्सिलीने लिहून ठेवले. पुढे कोणी ते वाचील न वाचील. पण विचारणाऱ्यास उत्तर मिळेल.

धुळ्यास आणखी एक प्रसंग घडला. एका पूर्ण चौकटीचा सौदा जमत आला होता. गणेशपट्टी, दोन्ही झडपा, कोयंडा, खाली जाड सागाचा उंबरठा, सर्व शाबूत. उंबरठ्यावर मध्यभागी हळदकुंकवाचे थर बसून लाकूड काळसर तांबडे झाले होते. आमच्या सौभाग्यवती बरोबर होत्या. इतका वेळ त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्या उंबरठ्याकडे पाहून म्हणाल्या, “कोयंडा घ्या, झडपा घ्या. पण दुसरीच्या उंबऱ्यावर मी पाय द्यायची नाही.” वखारवाला हसला, आम्ही हसलो नाही. उंबरठ्याची रोज पूजा करणारी ती कोणी बाई, त्यावरचे माप ओलांडून घरात आलेल्या तिच्या सुना, त्यावरून निघून गेलेल्या लेकी. हे सर्व त्या लाकडात मुरले आहे, असे म्हणण्यास भोळेपणाच लागतो असे नाही. वस्तूंमध्ये काही विकाऊ असतात आणि काही केवळ विकल्या गेलेल्या असतात. हा भेद शिकवण्यास आमच्या सर्व ग्रंथांस जेवढी पाने लागली असती, तेवढे शब्दही त्यांस लागले नाहीत. आम्ही कोयंडा आणि झडपा घेतल्या. झडपा थोड्या कापून माडीच्या एका खिडकीस बसल्या.

या बाजाराचे खरे गिऱ्हाईक आमच्यासारखे नव्हे. मोठे सौदे होतात ते महानगरांतील उपाहारगृहांशी आणि बंगल्यांच्या सजावटकारांशी. तेथे दाराचे मेज होते, खांबास दिवा लटकतो, आणि फडताळात बाटल्या उभ्या राहतात. जळून जाण्यापेक्षा हे बरे, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण मागणी वाढली की पुरवठाही वाढतो, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा लाकडासही लागू आहे. पडलेल्या घराचे लाकूड संपले म्हणजे बाजाराची नजर उभ्या घरांकडे वळते. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या, इमारतीपासून सुट्या केलेल्या वस्तूदेखील पुरावस्तूंत मोडतात. त्या परदेशी नेण्यास खाजगी मनुष्यास मनाई आहे, आणि त्यांच्या व्यापारास परवाना लागतो. पण खेड्यातले एखादे साधे घर त्याच्या धन्यानेच उतरवायचे ठरवले, तर त्यास हा कायदा काय अडवणार? पुण्याच्या दिनकर केळकरांसारखा एखादा वेडा संग्राहक कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून आपल्या संग्रहालयात उभे करतो. पण असे केळकर जिल्ह्याजिल्ह्यांस निपजत नसतात. आणि निपजले तरी प्रत्येक गावचे माजघर संग्रहालयात मावणार नाही.

बाजाराची नजर उभ्या घराकडे वळते म्हणजे काय, ते आम्हांस आमच्याच दारी कळले. आमच्या घराची वाटणी दोन पिढ्यांपूर्वी झाली असून पलीकडचे चार खण आमच्या धाकट्या चुलत बंधूंचे आहेत. खानदेशातल्या अनेकांप्रमाणे ते पोटासाठी सुरतेस गेले आणि तेथेच राहिले. गेल्या माघात त्यांचे पत्र आले. एका व्यापाऱ्याने त्यांच्या वाटणीचे खांब, तुळया आणि कोरीव दार यांस रोख भाव देऊ केला होता; मुलीच्या शिक्षणास पैसा हवा होता; “दादा, तुमची हरकत नसेल तर देऊन टाकतो,” असे त्यांनी लिहिले होते. आमचे बंधू लोभी नाहीत. ज्या घरात आपण राहत नाही, ज्यात आपली मुले कधी राहणार नाहीत, त्याचे लाकूड मुलीच्या शिक्षणाहून प्रिय मानावे असे त्यांस कोणत्या तोंडाने सांगावे? पण वाटणी कागदावर झाली होती, तुळयांची झाली नव्हती. माडीखालच्या दोन थोरल्या तुळया दोन्ही वाटण्यांतून आरपार जातात. त्यांचे अर्धे ओढले तर उरलेले अर्धे आमच्याच डोक्यावर येणार.

शेवटी आम्ही सुरतेस गेलो आणि बंधूंस म्हणालो, “व्यापाऱ्याने दिलेला भाव आम्ही देतो. लाकूड आमचे झाले, पण ते तुमच्या खणांत जेथे आहे तेथेच राहील. जमीन तुमची, वरची माती तुमची, दिवाळीस येऊन राहण्याचा हक्कही तुमचा.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वहिनींनी विचारले, “भाऊजी, म्हणजे काहीच हलणार नाही, आणि पैसे मात्र मिळणार?” आम्ही होय म्हटले. मुद्रांकाच्या कागदावर तसे लिहिले गेले. मुलगी आता दुसऱ्या वर्षात आहे. बाजारहाटासाठी बाजूस ठेवलेली आमची शिल्लक मात्र त्यात संपली. म्हणून माडीच्या दुसऱ्या खिडकीस मिस्तरींनी नव्या लाकडाच्या साध्या झडपा करून दिल्या आहेत. त्या नव्या दिसतात. दिसोत.

खरेदी करीत आम्ही पुष्कळ वखारी हिंडलो, पण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उत्तम माल मिळाला तो हा, जो मुळी उतरवावाच लागला नाही. कार्तिकी एकादशीस जळगावात श्रीरामाचा रथ निघतो. लाकडी चाकांखाली मोगऱ्या सरकवून त्यास वळवणारे आणि थांबवणारे लोक ज्यांनी पाहिले असतील, त्यांस आमचे म्हणणे लगेच समजेल. तो रथ टिकला आहे तो कोणी कुलूप लावून ठेवला म्हणून नव्हे. वर्षातून एकदा तो ओढावयाचाच असतो, म्हणून त्याची खीळ, आरा आणि आस ही कोणी ना कोणी आधी तपासतो. घराचेही तसेच आहे. ज्या घरात दिवाळीची पणती लागते त्याचे धाबे मृगापूर्वी कोणी तरी चढून पाहतो, आणि ज्याचे धाबे पाहिले जाते त्याचा खांब सहसा कुजत नाही.

ज्यांची जुनी घरे अद्याप उभी आहेत अशा वाचकांस आमची एवढीच विनंती आहे. ती राखणे शक्य असेल तर धाब्यावरच्या चार पाट्या मातीस कंटाळू नका. भावाबहिणींचा वाटा अडत असेल तर व्यापाऱ्याच्या आधी एकमेकांस विचारा. राखणे खरोखरच अशक्य झाले, आणि पुष्कळांस ते होते, त्यात लाज नाही, तर उतरवण्यापूर्वी घराचे खण मोजून कागदावर उतरवा, छायाचित्रे घ्या, आणि प्रत्येक खांबाच्या पाठीवर गावाचे नाव लिहा. आणि आमच्यासारखे कोणी यादी घेऊन वखारीत जाणार असेल, तर त्याने भाव विचारण्यापूर्वी घर विचारावे.